शकूचा उतरता सूर

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधीच शकू तीनदा मेली, तेव्हा डॉक्टर नाजिमा तांबोळीने मॉनिटर बंद केला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

शकू म्हणजे रबराची बाई. डोकं, मान, छाती आणि दोन हात, एवढीच. कमरेखाली कंपनीने काही दिलेलं नाही. तिच्या घशात नळी घालता येते, नाकातोंडावर मास्क धरून पिशवी दाबली की छाती वर येते, आणि तिची तब्येत एका टॅबलेटवर बोट फिरवून हवी तशी बिघडवता येते. खोक्यावर तिचा नुसता लांबलचक नंबर छापला होता. "नंबराने हाक मारायला हे काय येरवडा जेल आहे?" असं म्हणून डॉक्टर मंदाकिनी गोगट्यांनी तिला आपल्या चुलतनणंदेचं नाव दिलं. "तीही अशीच. स्वतः पडून राहायची आणि सगळं घर भोवती पळायचं."

कसबा पेठेत एका ट्रस्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. खाली मिक्सर दुरुस्तीचं दुकान, समोर उदबत्त्यांचं. ज्या देशांत भूल देणारा माणूस जिल्ह्याला एक मिळायची मारामार, तिथले लोक इथे चार आठवडे शिकायला येत. काही डॉक्टर असत, काही डॉक्टर नसून डॉक्टरांची कामं अंगावर पडलेले. मंदाकिनीबाईंनी निवृत्तीनंतर हे सुरू केलं आणि आपली जुनी विद्यार्थिनी म्हणून नाजिमाला ओढलं. "तुझी पाठ गेली आहे, तोंड शाबूत आहे. ये शिकवायला," एवढ्याच शब्दांत.

शिकवायचं होतं ते ऐकायला सोपं होतं. भूल दिलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असतो. कोविडपासून तो घरोघरी माहीत झाला, फक्त थिएटरमधला वाजतो. दर ठोक्याला एक बीप. रक्तातला प्राणवायू चांगला असला की बीप चढ्या सुरात, कमी होऊ लागला की सूर खाली खाली उतरत जातो. डोळे पेशंटवर, हात पिशवीवर आणि कान त्या सुरावर. टॅबलेट घेऊन मागे बसलेली नाजिमा मध्येच शकूचा प्राणवायू कमी करायची, आणि पुढे उभ्या असलेल्याने सूर उतरल्याबरोबर कामाला लागायचं.

तीन आठवडे या तुकडीने तिला चकित केलं होतं. सूर जेमतेम उतरायचा, की यांचे हात पिशवीकडे. नेपाळचे दोघे, इथिओपियाचा एक, लाओसची एक आणि मलावीची टमांडा, पाचही जण. "इतकी तयार पोरं मी बघितली नाहीत," असं तिने घरी नवऱ्याला सांगितलंसुद्धा होतं. नासिर घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने डोळ्याला लावलेलं भिंग न काढता "फार बरोबर चालणाऱ्या घड्याळाचा मला संशय येतो" असं म्हटलं होतं, आणि तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

आणि आज हे. सूर उतरत उतरत पार तळाला गेला, तरी पाचही जण शकूकडे प्रेमाने बघत उभे.

चहा आला. टमांडाने स्वतःचा कप बाजूला ठेवून नाजिमाच्या मनगटाकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी, खणून ठेवलेल्या रस्त्यावर नाजिमाची स्कूटर घसरली होती. उजवं मनगट सुजलं होतं, वर क्रेप बँडेज.

"फार दुखतंय का, मॅडम?" टमांडाने विचारलं. तिचं इंग्रजी संथ आणि स्वच्छ होतं. "आज बांगड्या नाहीत, तर चुकल्यासारखं होतंय."

"दोन्ही हातांतल्या फुटल्या काल. पण तुला का चुकल्यासारखं?"

"त्या वाजल्या की कळायचं ना."

"काय कळायचं?"

"आता शकूला काहीतरी होणार म्हणून."

नेपाळच्या डॉक्टरने कपात बघायला सुरुवात केली. लाओसची मुलगी खिडकीबाहेर. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. नाजिमाने टॅबलेटकडे हात नेला की डझनभर काचेच्या बांगड्या किणकिणायच्या, आणि सूर उतरायच्या आधीच ही मंडळी सावध.

"ठरवून नव्हतो ऐकत," टमांडा घाईने म्हणाली. "कानावर पडायचं."

मंदाकिनीबाई कोपऱ्यात बिस्किट भिजवत होत्या. भिजलेलं बिस्किट त्यांनी शांतपणे तोंडात टाकलं. "म्हणजे तीन आठवडे आपण बांगड्या ऐकायला शिकवलं. असा अभ्यासक्रम जगात पहिलाच असेल."

"पहिला नाही, बाई," नाजिमा म्हणाली. "तिसरा. आधीच्या दोन तुकड्यांनाही मीच शिकवलं. याच हाताने."

बाईंनी हातातलं दुसरं बिस्किट पुड्यात परत ठेवलं.

नाजिमाने सारं आयुष्य मोकळ्या मनगटांनी काढलं होतं. थिएटरमध्ये बांगड्या चालत नाहीत, आणि काचेच्या बांगड्या काही रोज चढवता-उतरवता येत नाहीत. त्यामुळे तिने त्या घातल्याच नाहीत. लग्नाच्या फोटोत आहेत तेवढ्याच. सासू, नसीमबानू, तिच्या हातांकडे बघून बत्तीस वर्षं उसासे टाकत आली. मग मणका सरकला, तासन्‌तास उभं राहणं संपलं आणि थिएटर सुटलं. त्या आठवड्यात अम्मी तिला हाताला धरून मनियाराकडे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "भर हिचे दोन्ही हात. आता हिला कोणी नको म्हणणार नाही." गडद हिरव्या, मध्ये एकेक सोनेरी. घरी येताना नाजिमा उगीचच हात हलवत चालत होती. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर एवढी एक हौस केली, तर ती अशी अंगाशी यावी.

त्या संध्याकाळी तिने दोन्ही जुन्या तुकड्यांना मेसेज लिहिला. आडपडदा ठेवला नाही. माझ्याकडून चूक झाली आहे, तुम्ही सूर ऐकायला शिकलात की माझा हात ऐकायला, ते मला खरं खरं कळवा. पाठवून झाल्यावर ती कितीतरी वेळ फोन हातात धरून बसली. अम्मींनी जेवायला हाक मारली तरी उठवेना.

या तुकडीचे अजून तीन दिवस उरले होते. गुरुवारी परीक्षा, शुक्रवारी दाखले, शनिवारी सगळ्यांची विमानं. इतर चौघांच्या मागे कोणी ना कोणी होतं. चुकले तर सावरून घेणारा एखादा वरिष्ठ, निदान फोनवर तरी. टमांडाचं तसं नव्हतं. तिच्या जिल्ह्याच्या इस्पितळात भूल देणारा जो एक माणूस होता, तो शहरात निघून गेला होता. तेव्हापासून अडलेल्या बाईला सिझेरियनसाठी मोठ्या गावी पाठवायचे, खडीच्या रस्त्याने, मध्ये नदी. काही पोचायच्या, काही नाही. टमांडा डॉक्टर नव्हती. तीन वर्षांचं शिक्षण घेऊन डॉक्टरांच्या बरोबरीने उभी राहणारी होती. ती दाखला घेऊन परत गेली की थिएटर उघडणार होतं. आणि त्या थिएटरात भूल देणारी ती एकटी असणार होती.

बुधवारी नाजिमा तिला घेऊन तांबट आळीत गेली. वर्गात फार शांतता असते आणि टमांडाच्या थिएटरवर पत्रा आहे, शेजारी जनरेटर. तिथला सूर वर्गात कसा शिकणार? तांबट आळीत दहा दिशांनी हातोडे पडत होते, पातेल्यांवर, घागरींवर, बंबांवर. एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघी बसल्या. नाजिमाने बीपचा आवाज फोनवर लावला, फोन ओढणीखाली धरला आणि डाव्या अंगठ्याने सूर हळूच उतरवला.

"उतरला," टमांडा म्हणाली.

पुन्हा. "उतरला." पुन्हा, अगदी निसटता. "उतरला, मॅडम. थोडाच."

तिथेच बसून तासभर झाला. टमांडा एकदाही चुकली नाही. कान उत्तम होता तिचा. चर्चमध्ये गाते म्हणाली. नाजिमाला इतकं हलकं वाटलं की परतताना तिने दोघींसाठी उसाचा रस घेतला.

गुरुवारच्या परीक्षेची मांडणी मंदाकिनीबाईंनी केली. "तू वर्गातच थांबायचं नाहीस. तुझ्या बांगड्या गेल्या, पण चेहरा तिथेच आहे, आणि तो बांगड्यांपेक्षा जास्त वाजतो." नाजिमाने टॅबलेट घेऊन बाहेर पॅसेजमधल्या बाकावर बसायचं, दार बंद. आत बाई सर्जन होणार. घाईतला, तापट, नावं ठेवणारा सर्जन. त्यासाठी त्यांना फारसं सोंग आणावं लागणार नव्हतं.

चौघे पास झाले. उत्तम नाही, पण झाले. शेवटी टमांडा.

बाकावर बसून नाजिमाने कान दाराला लावला. खाली मिक्सर घुरघुरत होते. आत बीप सरळ चालू होता. तिने बोट खाली ओढलं.

सूर उतरला. पायरीभर. मग आणखी एक.

आतून बाईंचा आवाज आला, इंग्रजीत, पण सदाशिव पेठेच्या धारेचा. "पोट घट्ट आहे. मला मूल काढायचंय की दगड फोडायचाय? औषध द्या ना काहीतरी."

"सॉरी, सर. देते, सर."

सूर उतरतच होता. नाजिमाला आत काय होतंय ते दिसत नव्हतं आणि तरी सगळं दिसत होतं. टमांडा सिरिंज भरत असणार. पाठ शकूकडे, तोंड सर्जनकडे.

"अजून घट्टच आहे. तुम्हाला कोणी शिकवलं?"

"सॉरी, सर. एक मिनिट, सर."

नाजिमाचा पाय आपोआप दाराकडे सरकला. तिने तो मागे घेतला. तीस वर्षांत असा सूर ऐकून ती कधी बसून राहिली नव्हती. रबराची तर बाई, तिला कशाला एवढं, असं स्वतःला समजावून काही उपयोग होईना. सूर आता मेंढी ओरडावी तसा जाड झाला होता. आणि मग आत एकदम धावपळ, पिशवी दाबल्याचा फुस्स आवाज, सिलेंडर संपलाय, दुसरा लावा, असं टमांडाचं बोलणं. सूर चढायला लागला. फार सावकाश.

दार उघडून बाई बाहेर आल्या. मास्क हनुवटीखाली ओढला. "वाचली," त्या म्हणाल्या. "पण शुद्धीवर आल्यावर स्वतःच्या मुलाला ओळखेल याची खात्री मी देणार नाही."

"काल तर एक सूर चुकली नव्हती."

"काल तिच्यावर कोण ओरडत होतं?"

ते खरंच होतं. कानात दोष नव्हता. पण समोर कोणी मोठं माणूस उभं राहिलं की टमांडाचा कान त्याच्याकडे जायचा. तो सर्जन असो की बांगड्या घातलेल्या मॅडम. शकूकडे काय उरायचं?

"आपणही असेच शिकलो, बाई. तुम्ही चष्मा वर सरकवला की मला कळायचं, काहीतरी बिघडलंय."

"माहीत आहे. म्हणून तर मी शेवटच्या वर्षी तुझ्या वेळेला थिएटरबाहेर जाऊन बसायचे."

हे नाजिमाला आजवर माहीत नव्हतं. तिला वाटायचं, बाई चहा प्यायला जातात.

सही नाजिमाचीच लागणार होती. विचार करायला शुक्रवार सकाळपर्यंतचा वेळ होता. घरी जाऊन ती स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसली. डाव्या हाताने निवडत असल्यामुळे मातीही कोथिंबिरीतच जात होती. उशीर झाला, पण बाई वाचली, असं एक मन म्हणत होतं. नदीवरच वारण्यापेक्षा बरं. थिएटर बंद राहिलं तर त्या बायकांना कोण आहे? टमांडा गेली तर निदान दहातल्या नऊ जणींचं नीट होईल. दहावीचं काय, ते मन सांगत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. प्रमिला, दुसऱ्या तुकडीतली, नेपाळच्या डोंगरातल्या एका इस्पितळात असलेली. हिंदीत बोलायची.

"मॅडम, तुमचा मेसेज वाचला. फोनच करावा म्हटलं."

"बोल. तूही बांगड्याच ऐकायचीस ना?"

"हो, मॅडम. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात लक्षात आलं."

"मग कळवायचं नाही का, बाळा?"

"कसं कळवणार? तुम्ही इतक्या मायेने शिकवलं होतं."

नाजिमाने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "आणि आता? आता ऐकू येतो का सूर?"

"आता झोपेतही येतो."

"मग शिकलीस कशी?"

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"एक बाई होती, मॅडम," प्रमिला म्हणाली. त्या बाईचं पुढे काय झालं, ते नाजिमाला विचारावं लागलं नाही.

शुक्रवारी चौघांना दाखले दिले. फोटो झाले, पेढे झाले. टमांडाला नाजिमाने पॅसेजमधल्या त्याच बाकावर बसवलं आणि सांगितलं, मी सही करत नाहीये.

टमांडा रडली नाही. ती सरळ बसली. "मॅडम, एक सांगा. उशिरा ऐकणारी बाई बरी, की कोणीच नसलेलं बरं?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला नाही माहीत. मला माहीत आहे. मी त्यांना गाडीत बसवून देते. मी गाडी गेलेली बघते."

"असेल."

"तुमच्याकडे इथे एक भूलतज्ज्ञ उशिरा आला तर दुसऱ्याला फोन करता. दहा मिनिटांत स्कूटरवरून येतो. मी पाहिलंय. आमच्याकडे मी म्हणजे मीच."

"म्हणूनच," नाजिमा म्हणाली. आवाज चढवायचं तिच्यात बळ नव्हतं. "दुसरा कोणी असता तर मी सही केली असती. टमांडा, चूक तुझी नाही. मी तुला चुकीचं शिकवलं. ते नीट करेपर्यंत तुला सोडत नाही. दोन आठवडे राहा."

"हॉस्टेल उद्या रिकामं करायचंय."

"माझ्या घरी राहा."

टमांडाच्या इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर म्हांगो यांना फोनही नाजिमानेच केला. ते आधी रागावले, मग विनवण्या करू लागले, आणि शेवटी थकल्या आवाजात म्हणाले, "पाठवाल तेव्हा पूर्ण पाठवा." तिकडेही कोणीतरी वीस वर्षं झोपलेलं नाही, हे नाजिमाला त्या आवाजावरून कळलं. नासिरने तिकीट पुढे ढकलून घेतलं.

अशी टमांडा तांबोळींच्या घरी, माळ्याखालच्या खोलीत राहायला आली. आता हिला शिकवायचं काय? सूर तिला येत होता. शिकवायचं होतं ते एवढंच, की मोठं माणूस बोलत असताना त्याला तोडून "थांबा" म्हणायचं. ते रबराच्या शकूवर शिकवता येत नाही. आणि मंदाकिनीबाईंना परीक्षेसाठी राखून ठेवायचं होतं.

पण घरात नसीमबानू होत्या.

अम्मी ब्याऐंशीच्या. त्यांना बोलताना मध्ये तोडायची हिंमत या घरात कोणी केलेली नव्हती. सासऱ्यांनी एकदा केली होती म्हणतात. तो किस्सा अजून सांगितला जातो. अम्मी बोलायला बसल्या की पाहुण्यांचा चहा गार व्हायचा, रिक्षा निघून जायच्या. नाजिमाने फोन ओढणीखाली ठेवला आणि टमांडाला सांगितलं, "अम्मी बोलत असताना सूर उतरला, की त्यांना थांबवायचं. तुझ्या भाषेत म्हण. तिथे तुझ्याच भाषेत म्हणावं लागणार आहे. मोठ्याने."

"आजींना?" टमांडा घाबरली. "माझ्या आजीला मी असं म्हटलं असतं तर..."

"तेच तर."

पहिल्या दिवशी अम्मी, टमांडाला भाषा कळो न कळो, आपल्या भाचीच्या लग्नातल्या बिर्याणीची हकीकत सांगत होत्या. सूर उतरला. टमांडाच्या मानेची शीर हलली, ओठ हलले. आवाज फुटला नाही. बिर्याणी शिजली, वाढली गेली, कमी पडली, त्यावरून भांडण झालं, आणि तोवर ओढणीखालचा पेशंट केव्हाच गेला होता.

तिसऱ्या दिवशी ती पुटपुटली. अम्मींनी "क्या बोली बेटा?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे चालू.

चौथ्या दिवशी टमांडाने जेवणाच्या ताटावरून मान वर केली आणि तो शब्द म्हटला. मोठ्याने. अम्मींच्या तोंडून वाक्य अर्धवट लोंबकळत राहिलं. नासिरचा घास हातातच राहिला.

"हिने मला गप्प केलं?" अम्मींनी नाजिमाला विचारलं.

मग सगळं सांगावं लागलं. सूर, बांगड्या, नदी, गाडीत बसवून दिलेल्या बायका. अम्मींनी सगळं ऐकून घेतलं, जे त्या सहसा करत नसत. पाणी प्यायल्या. "असं आहे होय," त्या म्हणाल्या. "मग मी इतक्या सहजासहजी थांबणार नाही. तिथले डॉक्टर काय लगेच थांबणार आहेत?"

आणि खरंच थांबेनात. टमांडाने थांबवलं की त्या आवाज चढवायच्या. तिने पुन्हा म्हटलं की दुखावल्यासारखं तोंड करायच्या. एकदा खोटं खोटं रडल्याही. ते सगळ्यात कठीण गेलं. त्या वेळी टमांडा थांबवायचं सोडून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला गेली. "मेली तुझी पेशंट," अम्मी पदराआडून, फोनकडे बोट करत म्हणाल्या. टमांडा उठून खोलीत गेली आणि जेवायला आली नाही. नाजिमा ताट घेऊन गेली, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"माझी आई मला हेच शिकवायची," टमांडा भिंतीशी बोलल्यासारखं बोलली. "मोठ्यांसमोर आवाज नाही. ते चांगलंच होतं, मॅडम. मला ते टाकून द्यायचं नाहीये."

"नको टाकूस. थिएटरचं दार उघडताना बाहेर ठेव. निघताना उचल."

ती हे इतक्या सहज बोलून गेली, आणि मग तिला स्वतःलाच वाटलं, सांगायला काय जातंय आपलं. ताट ठेवून ती पाठ धरत जिना उतरली.

दोन आठवडे संपता संपता, गुरुवारी, दुसरी परीक्षा झाली. तीच खोली, तेच बंद दार, तोच बाक. मंदाकिनीबाई हिरवा गाऊन चढवून आत गेल्या. आज त्या आणखी वाईट वागायचं ठरवून आल्या होत्या. खाली मिक्सर चालू होते. नाजिमाच्या पाठीत कळ होती, रात्रभर होती. तिने बीप ऐकला, चढा, सरळ, आणि बोट खाली ओढलं.

एक पायरी.

"हे असं चालणार नाही," आतून बाई. "पोट घट्ट, उजेड कमी, आणि तुम्ही तिथे उभ्या राहून..."

"थांबा."

"काय म्हणालात?"

"थांबा. हात बाहेर काढा, सर. प्राणवायू कमी होतोय."

"मी इथे अर्ध्यावर आलोय. तुम्ही मला सांगणार कधी थांबायचं?"

सूर दुसऱ्या पायरीवर आला. नाजिमाने डोळे मिटून घेतले.

"हो. मीच सांगणार," टमांडा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण रुंद झाला होता, चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तसा. "तुम्ही ओरडा पाहिजे तेवढं, पण हात बाहेर. सिस्टर, सिलेंडर बघा."

सिस्टर अर्थातच कोणी नव्हती. पिशवीचा आवाज आला. फुस्स, फुस्स, घाईचा नाही, ठेक्यातला. नाजिमाने टॅबलेटवर सूर वर सोडला. बीप एकेक पायरी चढू लागला, आणि तो पुरता चढेपर्यंत तिने बोट काचेवरून हलवलं नाही.

दार उघडलं. बाई बाहेर आल्या, गाऊनच्या गाठी सोडवत. "आयुष्यात माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही."

"मग?"

"मग काय? कर सही." त्या बाकावर नाजिमाच्या शेजारी बसल्या. "या वयात ओरडून घसा बसतो गं. पुढच्या तुकडीला दुसरा सर्जन बघ."

"अम्मींना विचारते."

नाजिमा भिंतीचा आधार घेऊन उठली आणि आत गेली. परीक्षा संपली, असं टमांडाला कोणी सांगितलंच नव्हतं. ती अजून शकूच्या डोक्याशी उभी होती, डावा हात मास्कवर, उजवा पिशवीवर, दाबत होती, सोडत होती. पिशवी दाबली की शकूची छाती वर येत होती.

नाजिमा तिच्या समोर येऊन उभी राहिली. टमांडाने मान वर केली नाही.